पाठीवरची साल

झिंबाब्वेतल्या हरारेत मी निर्यातीच्या मालाचं पॅकिंग बघतो. दगडी शिल्पं हा त्यातला सगळ्यात नाठाळ माल. उचलायला चेन-पुली लागते, आणि बोटभर ओरखडा पडला तरी ग्राहक पैसे अडवतो.

त्या दिवशी टेंगेनेंगेला गेलो होतो. हरारेच्या उत्तरेला दीडेकशे किलोमीटरवर, गुरुवेजवळ, ग्रेट डाइकच्या टेकड्यांत ही शिल्पकारांची वस्ती आहे. इथे टॉम ब्लोमफिल्ड नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याची तंबाखूची शेती होती. १९६५ नंतर ऱ्होडेशियावर, म्हणजे आजच्या झिंबाब्वेवर, निर्बंध आले, तंबाखूचा बाजार बसला, आणि १९६६ मध्ये त्याने मजुरांच्या हाती छिन्न्या दिल्या. दगड तिथल्याच जमिनीतला. मजुरांत मलावी, अंगोला, मोझांबिकमधून आलेलेही बरेच. आम्ही कागदावर इथल्या शोना लोकांच्या नावाने सरसकट ‘शोना शिल्प’ लिहितो खरं, पण कितीतरी शिल्पांमागचे हात शोना नाहीतच.

ज्यांचं शिल्प न्यायचं होतं त्या म्हाताऱ्या कारागिरांना सगळे सेकुरू म्हणजे आजोबा म्हणतात, मीही. शिल्प स्प्रिंगस्टोनचं, म्हणजे सर्पेंटाइन नावाच्या दगडातला कठीण प्रकार. मान झुकवलेली बाई. चेहरा, खांदे, हात घोटून गुळगुळीत केलेले. केस आणि पाठ मात्र दगड जमिनीतून निघाला तशीच, गंजासारखी तांबूस, खडबडीत साल ठेवलेली.

मी पोचलो तेव्हा सगळा दगड राखाडी, पिठाळलेला दिसत होता. छिन्नी आणि कानशीचं काम कधीच संपलं होतं. मग पाणी लावून पॉलिश पेपर, खरखरीत नंबरापासून बाराशेपर्यंत. हे काम इतकं कंटाळवाणं की ते बहुतेक वेळा घरातल्या पोरांच्या वाट्याला येतं, आणि नाव मात्र एकट्या कारागिराचं लागतं. आता मेण चढवायचं होतं. नातू गॅसची ज्योत फिरवायला लागला. ती कुठे क्षणभर रेंगाळली की सेकुरू खेकसायचे, कारण दगड एकाच जागी तापला तर तडकतो आणि सगळी मेहनत फुकट. हात ठेववेना इतका दगड तापला तसं त्यांनी मेण लावलं. ते वितळून पसरलं आणि राखाडीखालून काळा रंग वर आला, कपाळावरून गालावर, गालावरून खांद्यावर. गालावर एक हिरवट शीर निघाली. ती सेकुरूंनाही तोवर दिसली नव्हती. ते बराच वेळ ती बोटाने चाचपत बसले.

मी टेकडीवर चढून नेटवर्क मिळवलं आणि ग्राहकाला फोटो धाडले. उत्तर आलं: पुढची बाजू सुंदर, पण पाठ अर्धवट राहिली आहे, पूर्ण करा, नाहीतर किंमत कमी करा.

खाली येऊन सांगितलं. मला वाटलं, म्हातारा चिडणार. ते शांतपणे म्हणाले, “करतो की. पण त्याला सांगा, मेहनतीचे पैसे वेगळे पडतील. आणि साल एकदा काढली की मला परत चिकटवता येणार नाही.” नातवाने हसू दाबलं.

खरं तर ती साल मला फायद्याचीच होती. तिच्यावर पट्टा घट्ट बसतो, घोटलेल्या भागावरून सटकतो. मेण पुरतं गार होईपर्यंत बबल रॅपही गुंडाळता येत नाही, फुगे जसेच्या तसे छापले जातात. दुपार त्यातच गेली.

मी निरोप जसाच्या तसा कळवला. संध्याकाळी ग्राहक नमला: राहू द्या पाठ, नाहीतरी मूर्ती भिंतीला लावूनच ठेवणार आहे.

हे ऐकल्यावर मात्र सेकुरू उठले. पेटीच्या फळीवर मी वरची बाजू दाखवणारे बाण रंगवत होतो. त्यांनी ब्रश मागून घेतला आणि पाठीच्या बाजूच्या फळीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: “इथे भिंत नको.”

मी ते पुसलं नाही.