वाळवणाच्या उन्हातला नंदी

मे महिन्यात आमच्या गच्चीवर तीन गोष्टी वाळत असतात. आईच्या कुरड्या, शेजारच्या काकूंचे सांडगे आणि माझा कागदाचा लगदा. कुरड्या-सांडग्यांवर जुनं लुगडं पांघरलेलं असतं. लगद्याला राखण लागत नाही, खारी एकदा हुंगतात आणि निघून जातात. सकाळी आठनंतर फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणून सगळी मांडामांड सहाच्या आत उरकायची. नागपूरच्या उन्हाच्या नावानं सगळे बोटं मोडतात. मी मात्र तीन वर्षांपासून त्याची वाट पाहते.

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, बडकस चौकापासून पायी पाच मिनिटांवर. बाबांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा मशीन घरी आली आणि मशीनसोबत कतरनीची, म्हणजे उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची, चार पोती आली. बाबांनी कधी कतरन फेकली नाही. शर्टाची वेगळी, ब्लाउजची वेगळी, अस्तराची वेगळी. त्या पोत्यांमुळेच माझ्या हाताला हे वळण लागलं.

तीन वर्षांपूर्वी पोरगा सहा वर्षांचा होता. म्हणाला, "आई, यंदाचा नंदी आपण घरी बनवू." विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, म्हणजे लेकरांचा पोळा. चाकांचे लाकडी नंदी सजवून लेकरं दोरीनं ओढत नेतात, घरोघरी जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात. कोणी पैसे, कोणी खाऊ. ही पद्धत नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची. त्याच सकाळी मारबती निघतात, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत अख्खा गाव रस्त्यावर येतो.

मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून मारबत बघायची. बांबू, कागद आणि कापड, बस. एवढ्यातून घराएवढं धूड उभं राहायचं, आणि संध्याकाळच्या आत त्याची राख व्हायची. माझ्या डोक्यात कागदाचं काम म्हणजे तेच बसलं होतं. पोराचा नंदीही मी मारबतीसारखाच केला. सण आला की बसायचं आणि भराभर उभं करायचं.

ऑगस्ट होता. बाहेर झड लागलेली. पुठ्ठ्याच्या डब्याला वर्तमानपत्राचे गोळे चिकटपट्टीनं बांधले आणि वर दोन बोटं जाड लगदा थापला. पंख्याखाली चार दिवस ठेवला. वरून हात लावला तर कडक लागायचा, म्हणून रंग दिला. पाचव्या दिवशी खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. पोटाखाली बघितलं तर हिरवी-काळी बुरशी. तान्ह्या पोळ्याला तो तसाच निघाला. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पावसाची सर आली, आणि मागचे दोन पाय आधी मऊ झाले, मग मुडपले. पोरगा रडला नाही. त्यानं नंदी उचलून शर्टाखाली घेतला आणि घरी आणला. शर्टाला लागलेला तो निळा रंग मला अजून दिसतो.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "लगदा का पावसाळ्यात करत असतेत वं? कुरड्या करतो का आपण पावसाळ्यात?"

मग ती माळ्यावरून एक टोपलं घेऊन आली. आईचं माहेर उमरेडकडचं. माझा जन्म झाला त्या वर्षी, १९८४ च्या उन्हाळ्यात, तिनं आणि आजीनं मिळून केलेलं ते कागदाचं टोपलं. त्यात ती तुरीची डाळ ठेवते. मी लहानपणापासून ते बघत होते, पण ते कागदाचं आहे हे कधी ध्यानातच आलं नाही. टिचकी मारली की लाकडासारखा आवाज येतो. आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि नाक जवळ नेलं तर इतक्या वर्षांनीही मेथीचा पुसट वास. एका जागी पोपडा निघालाय, तिथे आत कुठल्याशा वहीच्या निळ्या रेघेचा तुकडा दिसतो. त्या दिवशी मी ते टोपलं कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले होते.

आता आईची रीत सांगते, थोडी माझी भर घालून.

कागद कुठला, हे आधी. गुळगुळीत मासिकांचा नको, त्याला पाणी नीट धरत नाही. वर्तमानपत्र चालतं, पण त्याचे तंतू आखूड असतात, लगदा भुसभुशीत होतो. सगळ्यात चांगल्या शाळेच्या जुन्या वह्या आणि अंड्यांचे ट्रे. ट्रे तर आधीच लगद्याचा असतो, तासाभरात विरघळायला लागतो. मी निम्म्या वह्या आणि निम्मे ट्रे घेते. बारीक फाडून तीन दिवस भिजवायचं, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी एक उकळी काढायची, थंड झाल्यावर वाटायचं. आई पाट्यावर वाटायची, मी जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवते.

किलोभर कोरड्या कागदाला दोन मुठी मेथ्या रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी वाटायच्या. वाटलेल्या मेथीला जो बुळबुळीत चिकटपणा येतो तोच लगदा धरून ठेवतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही असं आईचं म्हणणं. सोबत वाटीभर मुलतानी माती. बाजारच्या खळीत मोरचूद घालतात बुरशीसाठी, पण ते विष आहे. लेकरांचे हात लागणार असतील तर मी ते घरात आणत नाही.

मग जुन्या धोतरात घालून पिळायचं. किती पिळायचं ते हातालाच कळतं: मूठ दाबली की बोटांच्या फटीतून पाणी यावं, पण थेंब पडू नये. पालथ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, ओलं फडकं घालून त्यावर लगदा थापायचा, जाडी अर्ध्या बोटाची. त्याहून जाड केला की वरची साल कडक होते आणि आतला ओलावा अडकून बसतो. माझा पहिला नंदी त्यानंच नासला होता. जाड हवं असेल तर एक थर पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा.

आणि ऊन. पहिल्या दिवशी फक्त कोवळं. नऊ वाजले की सावलीत. ४५ अंशांच्या उन्हात ओला लगदा ठेवला तर भेगाच पडतात, कारण तो वाळताना आकसतो आणि वरचा भाग आधी आकसतो. दुसऱ्या दिवसापासून खुशाल दिवसभर ठेवा. तिसऱ्या दिवशी खणखणीत. मुंबई-कोकणच्या मैत्रिणी विचारतात की आमचा वाळत का नाही. अगं, आमच्याकडच्या मे महिन्याच्या हवेत ओलावाच नसतो. कूलर आमच्याकडे जे काम करतो, ते त्याच कोरड्या हवेच्या जिवावर.

दुसरा नंदी मी मे महिन्यातच केला. सांगाडा संत्र्याच्या खोक्यांचा. पुठ्ठ्याच्या पोटात ज्या नाळ्या असतात त्यांच्या दिशेकडे आधी बघायचं. नाळीच्या रेघेत पुठ्ठा सहज वळतो, आडवा मोडतो. म्हणून पोटाचा गोलावा रेघेत घेतला आणि पायांच्या नाळ्या उभ्या ठेवल्या. चाकांसाठी पाच-पाच चकत्या कापल्या, प्रत्येक चकती आधीच्या चकतीला काटकोनात फिरवून मैद्याच्या खळीनं चिकटवली आणि वर वरवंटा ठेवला. दोन दिवसांनी प्लायवुडच झालं. धावेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, आख म्हणून बांबूची काडी. सांगाड्यावर थेट लगदा थापायचा नाही, पुठ्ठा पाणी पिऊन बसतो. आधी कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून दोन थर द्यायचे, ते वाळवायचे.

ग्लू गन मी वापरतच नाही. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या माझ्या कितीतरी वस्तू एका उन्हाळ्यात आपोआप सुट्या झाल्या, तो डिंक उष्णतेनं लागतो तसा उष्णतेनंच सोडतो. बाटलीला सुतळी आणि मणी चिकटवून ठेवण्याचं कामही मला पटत नाही. टाकाऊ वस्तू आहे तशीच राहते, फक्त तिच्यावर धूळ बसायला जागा वाढते.

कातडी आबाजींच्या धोतराची. कापड सुती आहे की नाही ते बाबांनी शिकवलं तसंच बघते: धागा जाळायचा. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टरची कडक गाठ. सुती कापडच खळ पितं, पॉलिस्टर काही दिवसांत सुटून येतं. धोतराच्या पट्ट्या उरेब कापल्या, म्हणजे तिरक्या धाग्यात. वशिंडावर, मानेवर, कानांच्या मुळाशी एक चुणी आली नाही. हे काम बाबांनी बसून करवून घेतलं. आता डोळ्यांना दिसत नाही, तरी बोटांनी चाचपून सांगायचे, "इथं ताण पडून राहिला, सोड आणि परत लाव." झूल अस्तराच्या कतरनीची, तिलाही उरेब पट्टीच.

शेवटी जवसाचं तेल. घाण्याचं, खायचंच. कापसाच्या बोळ्यानं पातळ हात फिरवायचा आणि आठ-दहा दिवस सोडून द्यायचं. जवसाचं तेल हवेनं सुकून घट्ट पापुद्रा धरतं, शेंगदाण्याच्या तेलानं ते होत नाही, नुसता चिकटा राहतो. दोन हात दिल्यावर पांढरं धोतर सायीच्या रंगाचं झालं, आपल्या गवळाऊ बैलासारखं. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते: तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पुन्हा पाऊस होताच. नंदीच्या पाठीवरून थेंब ओघळून खाली गेले. पोरगा चौकापर्यंत गेला, भोसल्यांच्या वाड्यापर्यंत गेला, अंधार पडल्यावर परत आला. शिंग थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही.

नंदी आतून पोकळ, म्हणून त्यानं पाठीवर झुलीखाली एक फट मागून घेतली होती, बोजाऱ्यासाठी. दोन वर्षांचा बोजारा त्यात पडलाय, नाणी आणि घडी घातलेल्या नोटा. परवा त्याला सायकलची घंटी हवी होती. मी म्हटलं, पोटाला छोटीशी खिडकी कापू, पैसे काढू, परत लगद्यानं बुजवून टाकू, कळणारही नाही. त्यानं नंदी उचलला, हलवून आवाज ऐकला आणि पलंगाखाली सरकवून दिला. "कापायचा नाही. घंटी राहू दे."

वरच्या मजल्यावरच्या पोरीनं यंदा नंदी मागितलाय. तिचा लगदा कालपासून गच्चीवर आहे. तिच्या नंदीच्या पोटाला झाकण ठेवते आहे, जुन्या डबीचं, आट्यांवर फिरणारं.