बारा बुरूज: तलवारींचं काम कुठवर आलंय

मागच्या नोंदीत नकाशा, रसद आणि वेढे इथवर आलो होतो. ज्यांना 'बारा बुरूज' नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही तिघं पुण्यात, नोकऱ्या सांभाळून, गोडो इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) हा गेम रचतोय. काल्पनिक घाटमाथा, त्यावर बारा किल्ले. कुठं मानकरी सरदार बसलाय, कुठं वेताळ, एका बुरुजावर ब्रह्मराक्षस. नकाशावर डाव मांडायचा, आणि चढाई केली की खाली उतरून स्वतः हातघाई करायची. बाराही किल्ले घेतले की राज्य आपलं.

या खेपेला नकाशाला फारसा हात लावलेला नाही. सगळा वेळ तलवारींनी खाल्ला.

राज्य जिंकायच्या बहुतेक गेममध्ये तलवार म्हणजे एक आकडा असतो. गंजकी 12, पोलादी 20, मंतरलेली 45. आकडा मोठा तेवढी तलवार भारी. आपल्या फाइलमधून तो रकानाच मी उडवलाय. आता प्रत्येक पात्याची लांबी आणि मुठीपासून टोकापर्यंत पाच ठिकाणची रुंदी नि जाडी भरायची, मुठीचं वजन आणि घडण वेगळी भरायची. वार किती वेगानं येईल, हुकला तर हात किती वेळात सावरेल, हे इंजिननं त्यावरून काढायचं. तलवारीचा स्वभाव तिच्या वजनापेक्षा ते वजन कुठं बसलंय यावर जास्त ठरतो, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी उस्तवार उभी आहे.

एका हातानं चालवायच्या लढाऊ तलवारी साधारण एक ते दीड किलोच्या दरम्यान असायच्या. गप्पांमध्ये ऐकू येणाऱ्या वीस-वीस किलोच्या तलवारी गप्पांमध्येच राहू देत. युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या माणसाएवढ्या उंच दोन हाती तलवारीसुद्धा दोन ते साडेतीन किलोत बसतात. मग सगळ्या तलवारींचं वजन जवळपास सारखंच असेल तर फरक कशात? हातोडा दांड्याकडून धरून हलवून बघा, मग उलटा करून डोक्याकडून धरा. काट्यावर वजन तेच, हाताला मात्र दोन वेगळी हत्यारं.

आता थोडा हिशेब. सारख्या जाडीची पट्टी एका टोकाला धरून फिरवली तर तिचं जडत्व आघूर्ण (फिरवायचा जडपणा) म्हणजे वजन गुणिले लांबीचा वर्ग, भागिले तीन. वजन तेवढंच, लांबीही तेवढीच, पण जाडी टोकाकडे सरळ उतरत शून्यावर नेली तर भागिले सहा. बरोबर निम्मं. खरं पातं या दोन टोकांच्या मधे कुठंतरी पडतं: मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड, टोकाकडे दोनच्या आसपास. काचेच्या कपाटातली तलवार आपण नेहमी समोरून बघतो, म्हणून हा उतार नजरेत येत नाही. बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात तर कपाटाच्या कडेला उभं राहून पात्याच्या पाठीवरून टोकाकडे बघा. लोहाराची अर्धी अक्कल त्या उतारात असते. उरलेली अर्धी पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून-विझवून कठीण करण्यात, आणि ती काचेतून दिसत नाही.

गेमिंगवाल्यांमध्ये एक समजूत पक्की आहे, की मुठीच्या मागच्या टोकाला वजन टांगलं की तलवार चपळ होते. तोल हाताकडे सरकतो हे खरं. पण हाताभोवती फिरवायचा जडपणा त्यानं कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. चपळपणा पाहिजे तर टोकाकडचं लोखंड उतरवायला पाहिजे, दुसरा उपाय नाही. आपल्या गेममध्ये मुठीला शिसं लावायची सोय ठेवली आहे. लावा आणि बघा काय होतं ते.

हे आकडे ताडून बघायला खऱ्या वस्तू हव्या होत्या. पेठेतल्या एका आखाड्यात मर्दानी खेळाचा सराव चालतो, तिथल्या बोथट तलवारी मोजायला मिळाल्या. बोहरी आळीतून एक व्हर्नियर कॅलिपर आणला, घरचा डिजिटल काटा नेला. जडत्व मोजायची युक्ती साधी आहे: जिथं मूठ धरतो तिथं तलवार दोन खिळ्यांच्या टोकांत अडकवायची, खाली लोंबू द्यायची, हळूच झोका द्यायचा आणि वेळ लावायची. एक नमुना देतो. वजन 1050 ग्रॅम, धरायच्या जागेपासून तोलाचा बिंदू 22 सेंटिमीटरवर, दहा झोके (जाऊन परत आलं की एक) साडेतेरा सेकंदांत. यावरून जडत्व आघूर्ण 0.105 किलो-चौरस मीटरच्या आसपास येतं. व्हर्नियरची मापं भरून इंजिननं काढलेला आकडा याच्या इतका जवळ आला की आमच्या चित्रकारानं माझ्यावर आकडे जुळवल्याचा आरोप केला. मग त्यालाच घड्याळ धरायला लावलं.

पात्याइतकीच मूठ महत्त्वाची, आणि इथं खरी मजा आली. आपल्याकडच्या नेहमीच्या तलवारीच्या मुठीला मागं वाटोळी चकती असते. मूठ आखूड, पंजा तीत ठासून बसतो. हात लांबवून टोक सरळ पुढं काढायला गेलं की चकती मनगटात रुतते. म्हणजे मूठच सांगते, की बाबा, भोसकू नकोस, कोपरातून आणि खांद्यातून वार कर आणि वार बसला की ओढ. वक्र पात्याला हेच मानवतं. फिरंगेची गोष्ट वेगळी. पातं लांब, सरळ, मुठीला हात झाकणारी रुंद परज, आणि मागं निघालेला दांडा, ज्यावर दुसरा हात टाकून दोन हाती वार करता येतो. घोड्यावरून पोहोच पाहिजे, टोकही वापरायचंय, तर ही. आता गेममध्ये प्रत्येक मुठीला मनगटाची मोकळीक ठरवून दिली आहे. 'भोसकण्याचं नुकसान' असा वेगळा रकाना नाही. तलवारीनं भोसकता येतं, पण टोक हवं तिथं जात नाही, आणि खेळणारा आपोआप कापायला लागतो.

पट्ट्याची, म्हणजे दांडपट्ट्याची, मोकळीक शून्य. कोपरापर्यंत लोखंडी खोळ, आत मुठीत धरायला आडवी दांडी, पुढं लवचिक लांब पातं. मनगट कुलूपबंद. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाच्या हातात हेच हत्यार होतं, आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्यातूनच आली. 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला, तेव्हापासून आखाड्यात पोरांची गर्दी वाढलीय म्हणतात.

गेममध्ये पट्टा नीट चालेना. वार अर्ध्यात थांबवायचं बटण दाबलं की हालचाल खोटी दिसायची. शेवटी आखाड्यातल्या वस्तादांचं पट्टा फिरवून लिंबू कापणं फोनवर संथ गतीत टिपलं आणि विचारलं, "वस्ताद, मनगट अडकलेलं असताना पट्टा थांबवायचा कसा?"

"थांबवायचा कशाला?" ते म्हणाले. "पायानं निघून जायचं. हात पाठीमागून येतोच."

चित्रफीत फ्रेम-फ्रेम करून बघितली तर अगदी तसंच. आधी पाऊल पडतं, मग कंबर वळते, खांदा, आणि सगळ्यात शेवटी पात्याचं टोक. लिंबू कापलं गेलं त्या फ्रेममध्ये वस्तादांची नजर लिंबावर नव्हतीच, पुढच्या पवित्र्याच्या जागेवर होती. म्हणून आता पट्टा हातात असला की थांबवायचं बटण चालत नाही. एक वार दुसऱ्यात वळतो, आणि तो कुठं वळवायचा हे चालायच्या बटणांनी ठरतं. शिकायला अवघड आहे. एकदा जमलं की तिघांच्या घोळक्यात उभं राहता येतं. चिलखतवाल्यापुढं मात्र पट्टा लुळा पडतो, पातं लवतं.

चिलखताबद्दल एवढंच: तलवारीनं कड्यांचं चिलखत चिरत नाही. दणका बसतो, हाड मोडू शकतं, पण कापायचं असेल तर उघडी जागा शोधा किंवा भाला उचला. तसंही खऱ्या लढायांत पहिलं काम भाला, बाण आणि बंदूक करायची, तलवार नंतर निघायची. गेममध्येही सैनिकाच्या हाती आधी भालाच दिलाय.

आता वेताळ. चित्रकारानं माणसाच्या दुप्पट उंचीचा वेताळ काढला आणि त्याच्या हाती दुप्पट मापाची तलवार दिली. सगळी मापं दुप्पट केली की वजन आठ पट होतं आणि फिरवायचा जडपणा बत्तीस पट. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे चार पट. हाताची तरफ दुप्पट लांब, म्हणून पीळ आठ पट. आठ भागिले बत्तीस. वेताळाची तलवार आपल्या चौथाई चपळाईनं वेग घेते, पण बसली तर आठ पट ऊर्जेनं बसते. मी याला एक आकडाही वरून लावला नाही. पहिल्याच चाचणीत वेताळानं हात उचलला, आमचा तिसरा गडी त्याच्या काखेखालून निसटून मागं गेला, आणि वेताळ अजून वळतच होता. मंत्रानं त्याला चपळ करू या असा प्रस्ताव आला होता, तो मी फेटाळलाय. भुताला लोखंड सोसत नाही हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, बाळाच्या उशाखाली विळा ठेवणारी माणसं आपण. तेवढं एक अद्भुत गेममध्ये आहे: वेताळ आपली तलवार काळ्या दगडाची बाळगतो, आणि आपल्या लोखंडाची नुसती पाठ लागली तरी मागं सरकतो.

तलवारींचा हिशेब बदलल्यावर नकाशाचा डावही थोडा बदलला. फिरंगेची पाती युरोपातून यायची, बरीचशी पोर्तुगीजांच्या हातून, आणि मूठ इथं चढायची. 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार तशीच आहे: युरोपीय बनावटीचं पातं, मराठा मूठ, आणि पात्यावर सोन्यात देवनागरी लेख. आपल्या नकाशावर खाडीकाठचं बंदर आतापर्यंत कुणी ढुंकून बघत नव्हतं, कारण तिथं बुरूज नाही. आता लांब सरळ पाती तिथूनच येतात. बंदर ज्याच्याकडे, त्याच्या घोडदळाची पोहोच जास्त. उरलेल्यांनी घाटावरच्या लोहारांची आखूड वक्र पाती वापरायची, आणि ती झाडीत नि दरवाज्याच्या बोळात फिरंगेपेक्षा सरस ठरतात. बंदर घेऊन मग किल्ल्यात अडकलेला खेळाडू बघायला मला फार आवडतं.

शेवटचं काम धारेचं, आणि ते निम्मंच झालंय. यामागं कॅप्टन लुई नोलन या ब्रिटिश घोडदळाच्या अधिकाऱ्यानं 1853 च्या सुमारास लिहून ठेवलेली हकिकत आहे. निजामाच्या स्वारांनी केलेल्या जखमा ऐकून तो चक्रावला आणि तलवारी बघायला गेला. पाती निघाली ब्रिटिश घोडदळानं टाकून दिलेली जुनीच. स्वारांनी त्यांना देशी मूठ चढवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती. ब्रिटिशांच्या लोखंडी म्यानात तीच पाती उपसता-घालता बोथट व्हायची. वार कसा करायला शिकवता, असं त्यानं विचारल्यावर उत्तर मिळालं, की शिकवायचं काय त्यात, धारदार तलवार कुणाच्याही हातात कापते.

म्हणून गेममध्ये प्रत्येक तलवारीची धार आता उतरते. ढालीवर आपटली की जास्त, म्यान लोखंडी असेल तर नुसत्या कूच करण्यानंही. किल्ल्यावर शिकलगार ठेवला तर धार परत येते, पण त्याचा पगार आणि शिधा रसदेतून जातो. पावसाळ्याचे चार महिने छावणीचे. त्या काळात स्वारीला निघता येतं, पण पाती गंजतात, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करणारा शेजारी ताज्या धारेनं तुमच्यावर येतो. खंडेनवमीला शस्त्रपूजन केलं तर पुढच्या स्वारीत सैनिकांचं मन खंबीर राहतं, एवढा लहानसा फायदा ठेवलाय. गंजाचा वेग अजून जास्त आहे, भाद्रपदातच निम्मं सैन्य काठ्या घेऊन लढतंय. तो कमी करायचाय.

पुढच्या नोंदीत ढाल. कासवाच्या पाठीची आणि गेंड्याच्या कातड्याची असे दोन प्रकार करायचा विचार आहे. तोवर ज्यांच्याकडे सरावाची बोथट तलवार किंवा पट्टा असेल त्यांनी वजन, तोलाचा बिंदू आणि दहा झोक्यांची वेळ पाठवा. मूठ नेमकी कुठं अडकवली होती त्याचा फोटो जोडा, नाहीतर आकड्याचा उपयोग नाही. धोप (लांब, सरळ पात्याची मराठा तलवार) असेल तर आधी पाठवा, ती एकही मोजायला मिळालेली नाही.