मामाचे ३९९२ रुपये

परवा मामाचा फोन आला, चांगलाच तापलेला. त्याला आणि मामीला गोव्याला जायचंय, मंगळवारी त्याने शनिवारची रूम बघून ठेवली होती ६२०० ची आणि शुक्रवारी पैसे भरायला बसला तर तीच रूम ८९००. हॉटेल आमच्याच चेनचं, म्हणून मग "अगं, चार दिवसांत असं काय झालं तिथे? मी दोनदा बघितलं म्हणून वाढवलेत ना?"

नाही मामा, तू बघितलंस म्हणून नाही. मी या हॉटेलांचे रेट ठरवायचं काम बघते, आधी पुण्यात बघायचे, त्यामुळे हे नीटच सांगते. बुधवारी एका लग्नाच्या ग्रुपने त्या शनिवारच्या ९० पैकी ४० रूम उचलल्या. उरल्या ५०, आणि त्यातल्या आधीच बऱ्याच गेलेल्या. रोज सकाळी आम्ही पिकअप बघतो, म्हणजे कालपासून कुठल्या तारखेला किती रूम वाढल्या, आणि त्या शनिवारचा पिकअप एकदम उसळला म्हणून रेट वर गेला.

एसटी सुटली की रिकाम्या सीटचं तिकीट कुणी काढत नाही ना, तसंच रूमचं. आजची रात्र रिकामी गेली की ती गेली. म्हणून लोकांना वाटतं की कितीलाही विकून टाकावी, पण खरं अवघड काम आहे ते लवकर आलेल्या स्वस्त गिऱ्हाइकाला नाही म्हणणं. हा हिशोब मुळात विमानवाल्यांचा. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुडने एक साधा नियम मांडला, पुढे अमेरिकन एअरलाइन्सने त्याच विचारावर मोठं काम उभं केलं आणि तिथून मॅरियटने तो हॉटेलात आणला. समजा आज कोणी ४२०० ला रूम मागतंय आणि शेवटच्या आठवड्यात तीच ७००० ला जाऊ शकते. ४२०० भागिले ७०००, म्हणजे ६० टक्के. ७००० वालं गिऱ्हाईक येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल तर आज द्यायची नाही, खाली असेल तर देऊन टाकायची. बस एवढंच, पण ती शक्यता किती हे ठरवण्यात आमचा अख्खा दिवस जातो, गेल्या वर्षीचे आकडे, सुट्ट्या, शेजारच्या हॉटेलांचे रेट, सगळं बघून.

पुण्यात असताना मी एका ट्रेनिंगच्या बॅचला ३० रूम दोन महिने आधी ४२०० ने दिल्या होत्या, मंगळवार-बुधवारच्या. पुण्यात आयटीवाल्या भागात आठवड्याचे मधले दिवसच भरतात, शनिवार-रविवार ओस, गोव्याच्या बरोबर उलटं. त्या आठवड्यात नेहमीचे ७००० देणारे लोक फोन करत राहिले आणि रिसेप्शनवरची मुलं सॉरी म्हणत राहिली. तो आठवडा मी अजून विसरले नाहीये.

पण मामाला जो धक्का बसला तो सगळा आमचा नव्हता, आणि हे मला आवर्जून लिहायचंय कारण कुणी सांगतच नाही. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७५०० पर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८. म्हणजे ६२०० चे झाले ६५१०, आणि ८९०० चे थेट १०५०२. फरक ३९९२, त्यातले आमचे २७०० आणि टॅक्सचे १२९२. आणि मध्ये कुठे थांबायचं म्हटलं तरी गंमत बघा, ७५०० ची रूम पाहुण्याला ७८७५ ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला, आम्हाला जास्तीचे मिळाले १०० आणि त्याच्या खिशातून गेले १०९३. म्हणून माझ्या मते ७५०० च्या जरासंच पुढे जाणं हा पाहुण्यावर अन्याय आहे, एक तर तिथेच थांबावं नाहीतर मागणी खरंच असेल तेव्हाच पुढे जावं. ऑफिसात यावरून माझे वाद होतात आणि मी ते घालते.

मामाला म्हटलं, तू रिटायर्ड माणूस, शनिवारचा हट्ट कशाला? लग्नाची मंडळी रविवारी सकाळी जाणार, त्या रात्रीपासून बुधवारपर्यंत ५१०० ने आहे, टॅक्स धरून ५३५५. थोडा वेळ काही बोलला नाही, मग फोन मामीकडे दिला. तिने रविवारच्या मांडवी एक्स्प्रेसची दोन तिकिटं तेव्हाच बघायला घेतली.