लिस्बनमधली रविवारची सकाळ

"रविवारी सकाळचे चार तास मोकळे आहेत, दुपारी फ्लाइट. लिस्बनमध्ये काय बघू?" कामानिमित्त मी वर्षातून दोनदा तिथे जाते, त्यामुळे हा प्रश्न मला ठरलेला. विचारणाऱ्याच्या यादीत दोन गोष्टी आधीच असतात: अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम आणि नदीकाठचा बेलें हा भाग. ट्राममध्ये मी पहिल्याच खेपेला बसले होते. बसले कसली, लोंबकळत होते. तासभर रांग, आत विरार लोकल, आणि खिडकीबाहेर बघावं तर मधे पुढच्याचा मोबाइल. मी मूळची वसईची. त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शहराच्या मध्यावरच्या रॉसियो चौकात मेट्रोतून उतरा आणि चौकालगतच्या साओ दोमिंगोस चर्चमध्ये अर्धा-पाऊण तास नुसते बसा.

आधी कॉफी. एस्प्रेसोला तिथे 'बिका' म्हणतात, काउंटरशी उभ्यानेच घ्यायची. सोबत ब्रेड मागितलात तर त्याचं नाव कानाला 'पाँव' असं लागतं. पाव, बटाटा, चावी, साबण: पोर्तुगीजमधून आलेली आपल्या स्वयंपाकघरातली निम्मी मंडळी इथे माहेरी भेटतात. रॉसियोच्या फरशीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. दिसतात सुरेख, पण पाऊस पडून गेला असेल तर जपून. मी आपटले आहे.

चर्च बाहेरून साधंच. आत पाऊल टाकल्यावर मात्र माणूस थबकतो. खांब तडकलेले, जागोजागी कपचे उडालेले, दगड काळवंडलेला. १७५५च्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, शहरभरची चर्चं भरलेली असताना भूकंप झाला (वार शनिवार होता), त्यात हेही कोसळलं. पुन्हा बांधलं. १९५९मध्ये आग लागली. १९९४ला दारं उघडली तेव्हा छत नवं होतं, पण भाजलेले खांब आणि भिंती तशाच ठेवल्या होत्या. वर नारिंगी गिलावा, खाली जळका दगड, आणि त्यात रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, सुरू. म्हाताऱ्या बायका, आफ्रिकेतून आलेली कुटुंबं, मागच्या बाकावर माझ्यासारखं कुणीतरी. मिसा चालू असेल तर फोटो काढू नका, एवढं ऐका.

मला हे इतकं का भिडतं? साओ दोमिंगोस हे दोमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचं, आणि वसईच्या किल्ल्यातही दोमिनिकनांचं चर्च आहे. छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवलेली. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, एवढं आम्हाला शाळेत पाठ होतं. त्या भिंतींत आम्ही क्रिकेट खेळलो. आता तिथे प्री-वेडिंग शूट चालतात. त्याच पंथाचं, तितकंच मोडलेलं देऊळ वापरात असलेलं मी पहिल्यांदा लिस्बनमध्ये पाहिलं.

पण नुसतं भारावून जाऊन उठू नका. १९ एप्रिल १५०६, तोही रविवारच. याच चर्चमध्ये क्रूसावर प्रकाश दिसला, लोक चमत्कार म्हणू लागले. एक जण म्हणाला, मेणबत्तीची तिरीप असेल. तो 'नवख्रिस्ती' होता, म्हणजे १४९७मध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंपैकी. त्याला ठार मारलं आणि मग तीन दिवस शहरात कत्तल चालली. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानलं जातं. बाहेरच्या चौकात २००८पासून त्याचं स्मारक आहे, दगडात कोरलेला डेव्हिडचा तारा, ज्यूंची खूण. लोक त्याच्याशेजारी उभे राहून गप्पा मारत असतात. पलीकडे जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. आपल्या औषधी वनस्पतींवर १५६३मध्ये गोव्यात पुस्तक छापणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य नवख्रिस्तीच. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८०मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.

एवढं बघून घसा कोरडा पडतो. चौकातच आंबट चेरीच्या दारूचं, जिंजिन्याचं, टीचभर दुकान आहे. फळासकट हवी की फळाशिवाय, एवढंच विचारतात. सकाळी दहाला प्यावी का, हा तुमचा प्रश्न. मी फळासकट घेते.

उरलेल्या वेळात बायशा या सखल भागातल्या सरळ रेघेतल्या गल्ल्यांतून नदीपर्यंत चालत जा. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने हा भाग नव्याने आखून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे घातले, पुन्हा हादरा बसला तर इमारत तग धरावी म्हणून. बेलें पुढच्या खेपेला. विमानतळासाठी रॉसियोहून हिरवी लाइन, आलामेदाला बदलून लाल. आणि बिकाची सुटी नाणी खिशात असू द्या.