युरोपातील उद्योगनिहाय रोजगाराची तुलना: माझा अनुभव

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी जर्मनी, चेकिया, नेदरलँड्स, रोमानिया आणि लक्झेंबर्ग या देशांतील कारखानदारीतल्या रोजगाराची तुलना करायला घेतली. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाची आकडेवारी सर्वांना विनामूल्य खुली असल्यामुळे आकडे मिळायला काहीच अडचण आली नाही. वेळ गेला तो कोणत्या आकड्यात नेमके कोण मोजले गेले आहे, हे समजून घेण्यात.

रोजगाराचे आकडे तिथे एकाच ठिकाणी नसतात. श्रमशक्ती सर्वेक्षणात कुटुंबांकडून माहिती घेतली जाते, तर राष्ट्रीय लेख्यांमधील, म्हणजे देशाच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या हिशेबातील, रोजगार अनेक स्रोतांचा मेळ घालून काढलेला असतो. हा फरक लक्झेंबर्गपाशी डोळ्यांत भरतो. सर्वेक्षण त्या देशात राहणाऱ्यांना मोजते आणि राष्ट्रीय लेख्यांतील देशांतर्गत रोजगार तिथे काम करणाऱ्यांना. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सीमा ओलांडून कामाला येणारे लोक तिथल्या पगारदारांत जवळपास निम्मे असल्याने एकाच वर्षाचे हे दोन आकडे एकमेकांशी जुळण्याची शक्यताच नाही. कोणत्या देशातले कारखाने किती माणसांना काम देतात एवढाच माझा प्रश्न होता, म्हणून मी राष्ट्रीय लेखे निवडले.

यानंतर वर्गीकरण. 'नेस' या उद्योगांच्या युरोपीय वर्गीकरणाच्या २००८ पासून लागू झालेल्या आवृत्तीत कारखानदारी 'सी' विभागात, १० ते ३३ या क्रमांकांखाली येते. आपल्याकडच्या एनआयसी २००८ या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातही हीच अक्षरे आणि हेच क्रमांक आहेत, कारण दोन्हींचा पाया संयुक्त राष्ट्रांचे एकच वर्गीकरण आहे. भारतीय आकडे हाताळलेल्याला तिथे फारसे परके वाटत नाही. 'नेस'च्या आधीच्या आवृत्तीत मात्र प्रकाशन व्यवसाय कारखानदारीत धरला जात असे आणि नव्या आवृत्तीत तो माहिती व संचार विभागात गेला. जुने आणि नवे तक्ते सरळ जोडले, तर एकही प्रकाशनसंस्था बंद न पडता कारखानदारीतील माणसे कमी झालेली दिसतात.

रोमानियाची गोष्ट याहून चकवणारी आहे. मुख्यतः घरच्या खाण्यापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना सर्वेक्षणाने २०२१ पासून रोजगारात धरणे थांबवले. त्यामुळे शेतीतला आकडा एकदम घसरला, एकूण रोजगार आकसला, आणि भागाकारातला छेदच लहान झाल्यामुळे कारखान्यांचा वाटा, नवा कारखाना न उभारताही, वर गेला. तक्त्यात त्या आकड्याशेजारी मालिका खंडित झाल्याचे सांगणारे 'बी' हे बारीक अक्षर असते. आकडे उतरवून घेताना खुणांचा स्तंभ वगळला, की ती सूचनाही गेली. राष्ट्रीय लेखे निवडल्यामुळे माझ्या तक्त्यावर या बदलाचा परिणाम होणार नव्हता, पण वर्तमानपत्री लेखांत उद्धृत होणारी टक्केवारी बहुधा सर्वेक्षणाची असल्याने हा खुलासा प्रबंधात देणे भागच होते.

अर्धवेळ कामाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. नेदरलँड्समध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय संघात सर्वाधिक आहे; राष्ट्रीय लेख्यांत माणसांबरोबरच कामाचे तासही मिळतात, म्हणून मी दोन्ही स्तंभ ठेवले. चेकियात एकूण रोजगाराचा चतुर्थांशाच्या आसपासचा भाग कारखानदारीत आहे, आणि या पाच देशांत तो देश दोन्ही मोजमापांनी वरच राहतो.

कंत्राटी मनुष्यबळाचे कोडे मात्र सुटले नाही. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावरचा कामगार जर्मनीतल्या मोटारींच्या जुळणीवर रोज उभा राहत असला, तरी राष्ट्रीय लेख्यांत तो ७८ या क्रमांकाखाली, म्हणजे सेवाक्षेत्रात मोजला जातो. चौसष्ट शाखांच्या तक्त्यात ७८ स्वतंत्र सापडतो, पण त्यातले किती जण कारखान्यांत आणि किती गोदामांत वा रुग्णालयांत काम करतात, हे तो तक्ता सांगत नाही. अंदाजाने वाटणी करण्यापेक्षा मी ती संख्या वेगळ्या ओळीत दाखवली आणि जर्मनी व नेदरलँड्सचे कारखानदारीचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत असे समजावे, अशी तळटीप जोडली.