अंकी आणि अक्षरी

परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस असला की शाळेच्या ऑफिसात कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी माझ्या टेबलावर एकशे चाळीस अर्जांचा गठ्ठा होता. निम्मे तपासून झाले होते, सही करायला विसरलेली दोन मुलं दाराशी उभी होती आणि खिडकीपाशी एक गृहस्थ "मॅडम, दोनच मिनिटं" म्हणत होते. दोन मिनिटांचं काम कधी दोन मिनिटांत होत नाही हे या नोकरीत पहिल्याच आठवड्यात कळतं. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते तासभर बसले, एकदाही चिडले नाहीत. बऱ्याच खिडक्या फिरून आलेला माणूसच असा बसू शकतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ते आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. "पण जन्मतारीख दुरुस्त करून," ते म्हणाले, आणि माझे कान टवकारले. जन्मतारीख बदलून मागणारे अधूनमधून येतात. कुणाला नोकरीची दोन वर्षं वाढवून हवी असतात, कुणाला वयाच्या अटीत बसायचं असतं. त्यांच्यासाठी माझं एक वाक्य ठरलेलं आहे. ते मी उच्चारणार, तेवढ्यात त्यांनी जुना दाखला काचेखालून आत सरकवला.

जन्मतारीख अंकी : २९-२-१९७०. अक्षरी : एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे सत्तर.

मला काहीच खटकलं नाही. बावीस वर्षं तारखा लिहिल्या की डोळे तारखा वाचत नाहीत, नुसत्या ओलांडतात.

"सत्तरला चारनं भागा," ते म्हणाले.

भाग जात नव्हता. १९६८ लीप वर्ष होतं, १९७२ लीप वर्ष होतं. १९७० च्या फेब्रुवारीत २८च दिवस होते. आमच्या शाळेच्या सही-शिक्क्यानिशी हा माणूस कधी न उजाडलेल्या दिवशी जन्मला होता.

हाती लिहिलेल्या कागदांच्या जमान्यात हे खपून गेलं. नोकरीच्या सेवापुस्तकात २९ तशीच उतरली. पुढे सगळी माहिती संगणकावर चढायला लागली तेव्हा अडलं, कारण संगणक ती तारीख घेईना. एका ठिकाणच्या ऑपरेटरनं कामापुरती २८ टाकली, दुसऱ्या ठिकाणी १ मार्च झाली. आता तीन कागदांवर तीन तारखा होत्या आणि प्रत्येक खिडकीवर उत्तर एकच : शाळेच्या दाखल्याप्रमाणे करून आणा. (गंमत अशी की एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख चालते. १९०० हेही लीप वर्ष नव्हतं, कारण शतकी वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅममधली ही चूक, दोन्हीकडचे हिशेब जुळावेत म्हणून, तशीच ठेवली गेली. म्हणजे हे गृहस्थ सत्तर वर्षं आधी जन्मले असते तर निदान एक्सेलनं तरी त्यांना घेतलं असतं.)

"तुम्ही २८ करून द्या," ते म्हणाले. "आई सांगायची, शनिवारी झालास म्हणून. २८ला शनिवारच होता, मी काढून बघितलंय."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचं होतं, कारण सत्तर अर्ज बाकी होते. मी कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. आमचे मुख्याध्यापक गणिताचे. ते म्हणाले, "शनिवार तर २१लाही होता. १४लाही होता. तुम्ही २८ कशावरून म्हणता?"

मग जनरल रजिस्टर काढलं, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही. या रजिस्टरवर शाळेतल्या कुणाहीपेक्षा माझा जास्त जीव आहे. ज्यांच्या हातचं ते पान होतं ते लिपिक माझ्या येण्याआधीच निवृत्त झाले होते, पण अक्षर असं की छापलंय वाटावं. एक खाडाखोड नाही, एक गिरवलेला आकडा नाही. अंकी २९, अक्षरी एकोणतीस. दाखला रजिस्टरबरहुकूम होता. चूक असलीच तर रजिस्टरच्या मागे, ज्या कागदावरून ही नोंद उतरवली त्या कागदात. म्हणजे प्राथमिक शाळेचा दाखला. तो प्रवेश अर्जाला जोडलेला असतो आणि अर्ज त्या त्या वर्षाच्या पुडक्यात.

शिपाईमामा माळ्यावर चढले. १९८० सालचं पुडकं त्यांनी वीस मिनिटांत खाली आणलं. तेही त्या जुन्या लिपिकांचंच देणं : प्रत्येक पुडक्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पहिला आणि शेवटचा प्रवेश क्रमांक. धूळ झटकली, सुतळी सोडली, कागद मिळाला. चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला, घडीवर विरलेला.

अंकी तारखेत २ च्या पुढे जे होतं ते १ होतं की ९, सांगता येईना. आपल्या लिपीत हे दोन आकडे जुळे भाऊच. गाठ आणि शेपटी, घाईत लिहिलं की एकाचा दुसरा होतो. म्हणून तर शेजारी अक्षरी लिहायचं. मी अक्षरीकडे वळले आणि कपाळाला हात लावला. घडी नेमकी त्या शब्दावरून गेली होती. 'एक', मग भोक, मग 'स'. एकवीसही एकनं सुरू होतो आणि सनं संपतो, एकोणतीसही.

सरांनी प्रयोगशाळेतून भिंग मागवलं. आता त्यांना अर्जांची आठवण नव्हती, आणि मलाही नव्हती. ते म्हणाले, याच माणसानं याच कागदावर १ आणि ९ आणखी कुठे लिहिलेत ते बघा. लांब जावं लागलं नाही. त्याच तारखेत '१९७०'मध्ये दोघेही शेजारी उभे होते. लिहिणाऱ्याचा ९ पोटात भरलेला होता, १ ची गाठ बारीक आणि शेपटी तुटक. दिवसाचा आकडा त्या १ सारखा होता. मग भोक मोजलं. पट्टी लावून, अगदी मिलिमीटरात. शेजारच्या 'फेब्रुवारी'तल्या 'वा'एवढी जागा. तिथे 'वी' बसत होता. 'ोणती' बसवायला कागदच पुरत नव्हता. आणि २१ ला शनिवार होताच.

मला जास्त लागलं ते वेगळंच. अक्षरीचा रकाना असतोच मुळी आकड्यावर पहारा ठेवायला. पण आमच्या त्या सुंदर अक्षराच्या लिपिकांनी मूळ कागदावरची अक्षरी वाचलीच नव्हती. कागद नवा होता, भोक नव्हतं, 'एकवीस' स्वच्छ लिहिलेलं असणार. त्यांनी आकडा २९ असा वाचला आणि आपल्याच वाचण्यावरून 'एकोणतीस' लिहिलं. पहारेकरी चोराच्याच घरचा. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना, कारण सकाळपासून मीही तेच करत होते : अंक वाचायचा आणि अक्षरी मनानं भरायची.

सरांनी गृहस्थांना आत बोलावून सगळं दाखवलं. "रजिस्टरला आज मी पेन लावणार नाही," ते म्हणाले. "प्रस्ताव वर पाठवतो, आदेश आला की दुरुस्ती." गृहस्थ थोडे हिरमुसले. पण त्यांनी भिंग हातात घेतलं आणि तो आकडा बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी मी तपासून झालेले अर्ज परत काढले आणि या वेळी जोडलेल्या कागदांवरची अक्षरी आधी वाचली. चूक एकही निघाली नाही. दोन ठिकाणी मात्र आकडा मी नुसता अंदाजानं वाचला होता. त्या दोन मुलींना वर्गातून बोलावून घेतलं. दोघींना वाटलं काहीतरी गुन्हा झालाय.

आदेश यायला चार महिने लागले. जुन्या नोंदीवर लाल शाईनं एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर नवी तारीख, शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, सरांची सही. अक्षरी मी आधी लिहिलं, अंकी नंतर.

दाखला हातात घेतल्यावर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मी आठ दिवसांनी म्हातारा झालो." मग त्यांनी दाखला उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "मॅडम, याची घडी नको ना घालू?"

मी त्यांना प्लॅस्टिकची पिशवी दिली.