सहा तासांचा कॅम्प, पाऊण तास घोडा

लेकीला पहिल्यांदा हॉर्स रायडिंगच्या डे-कॅम्पला घातलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. पहिल्याच दिवशी परत येताना गाडीत बसल्या बसल्या तक्रार सुरू, आई, घोड्यावर एवढुसाच वेळ बसवलं आणि बाकी सगळा वेळ लीद उचलायला लावली. माझं डोकंच सटकलं, सहा तासांचे पैसे भरलेत आणि रायडिंग पाऊण तास? फोन करून भांडायच्या तयारीत होते, नवऱ्याने थांबवलं म्हणून वाचले. कारण आता तीन कॅम्प झाल्यावर सांगते, तोच कॅम्प सगळ्यात चांगला निघाला, आणि "दिवसभर रायडिंग" अशी जाहिरात करणाऱ्या दुसऱ्या कॅम्पमधून मी तिला दुसऱ्याच दिवशी काढून आणलं.

तर घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. आपल्याला वाटतं रायडिंग म्हणजे नुसतं बसायचं, पळतो तर घोडा. पण नवीन मूल पाऊण तास नीट बसलं तरी मांड्या, पोट, पाठ सगळं बोलायला लागतं आणि मूल दमलं की तोल जातो, लगाम ओढून धरली जाते, लक्ष उडतं, मग पडतं. दुसरं म्हणजे घोड्यालाही दिवस असतो हो! तेच चार घोडे सकाळपासून एकेका पोराला घेऊन गोल गोल फिरत असतील तर दुपारपर्यंत तेही वैतागणार. म्हणून कॅम्पवाल्यांना "रायडिंग किती वेळ" हे विचाराच, पण त्याच्या आधी "एक घोडा दिवसात किती वेळ काम करतो आणि मध्ये आराम कधी" हे विचारा. ज्याला याचं उत्तर पटकन देता येत नाही तिथे मी तरी पोर पाठवणार नाही.

मग उरलेल्या वेळात काय करतात? खरारा करतात, म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासून साफ करतात, खुरात अडकलेले खडे आणि घाण हुक घालून काढायला शिकतात, खोगीर कसं ठेवायचं, पट्टा कसा आवळायचा ते बघतात, पाणी भरतात, तबेला झाडतात आणि हो, लीद उचलतात. मला आधी हे फुकटात काम करून घेणं वाटलेलं. पण खरं शिक्षण इथेच होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप गेलं की तो दचकतो आणि दचकला की लाथ. त्यामुळे आधी आवाज द्यायचा, मग खांद्याच्या बाजूने जायचं. कान पुढे असले तर लक्ष आहे, कान मागे मानेला चिकटवले तर साहेब रागावलेत. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही, घोडा उधळला तर बोटं जातील. खाऊ द्यायचा असला तर विचारून, आणि तळहात सपाट ठेवून. हे सगळं आठ वर्षांच्या पोरीला चार दिवसांत पाठ झालं, मला अजूनही आठवावं लागतं.

आणि आपण सगळे पडण्याचीच भीती घेऊन बसतो पण मुलांना घोड्यावर नसताना पण लागतं. साधा रायडिंगचा घोडा चार-पाचशे किलोचा असतो, त्याने सहज पाऊल सरकवलं आणि खाली पोराचा पाय असला तर? म्हणून सँडल, क्रॉक्स अजिबात नाही. बूट बंद हवा, तळवा फार जाड किंवा खाचाखाचांचा नको, आणि टाचेला थोडी उंची हवी, साधारण इंचभर, नाहीतर पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घुसतो आणि मूल पडलं तर लटकून फरफटत जातं. ही एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवलीत तरी पुरे. काही ठिकाणी लहान मुलांसाठी सेफ्टी रिकीब असते, बाहेरच्या बाजूला रबर असतं आणि जोर पडला की ते सुटतं. ती आहे का विचारून बघा.

आता त्या दुसऱ्या कॅम्पचं. गेल्या गेल्या कोपऱ्यात हेल्मेटचा ढीग, पोरांनी आपापलं उचलायचं, कुणाचं कपाळावर तर कुणाचं मानेवर. त्यातली दोन तर चक्क सायकलची होती! एकाच माणसाकडे सहा पोरं, सगळी नवीन, आणि तो माणूस फोनवर बोलता बोलता एका घोड्याची दोरी धरून चाललेला. मी म्हटलं दादा, बाकीच्यांचं काय, तर म्हणे काळजी करू नका मॅडम, घोडे शांत आहेत. शांत घोडा पण माशी चावली की उडी मारतो ना. एक पिवळसर पोनी होता, पाठीवर खोगिराच्या जागी केस गेलेले आणि जखम, तरी त्यावरही खोगीर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच पोनी बघितला आणि लेकीचा हात धरून निघाले. पैसे परत मिळाले नाहीत, ती वेगळी रड.

त्यामुळे आता माझा नियम, पैसे भरण्याआधी एकदा न सांगता, म्हणजे साधारण वेळ विचारून पण तारीख न ठरवता, जाऊन अर्धा तास उभं राहायचं. नवीन मुलाच्या घोड्याची दोरी धरायला वेगळा माणूस हवा, अगदी लहान असेल तर बाजूने चालणारा अजून एक. शिकवणारा मुलांवर ओरडतो की घोड्यांवर, की दोघांवर नाही, हे पण बघा. पाण्याची टाकी स्वच्छ आहे का, घोड्यांना सावली आहे का. जो जनावराला नीट ठेवत नाही तो आपल्या पोराला नीट ठेवेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

हेल्मेट शक्यतो स्वतःचं घ्या. सायकलचं हेल्मेट चालत नाही, ते वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. आतल्या लेबलवर घोडेस्वारीचं स्टँडर्ड लिहिलेलं बघायचं, एएसटीएम एफ११६३ किंवा पीएएस ०१५ असं काहीतरी. मापाला बसतंय का बघायला पट्टा न लावता डोकं हलवायचं, हेल्मेट घसरलं नाही पाहिजे आणि पट्टा लावल्यावर हनुवटीखाली कसंबसं एक बोट जाईल इतकंच. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका प्लीज. सेकंडहँड पण नको, कारण एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतून दबलेलं असू शकतं आणि तसं झालं की ते बदलायचंच. कपड्यांचं फार टेन्शन नको, लांब पँट, जीन्स शक्यतो नको कारण आतली शिवण घासून मांड्या सोलतात (स्वानुभव, लेकीचा), ओढणी, माळ, लोंबते कानातले घरी, केस बांधून.

फॉर्म भरताना वजन खरं लिहा. लाजायचं काय त्यात, त्यावरून घोडा ठरतो. ढोबळ हिशेब असा सांगतात की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आतच असावं. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर तेही लिहा, वाळक्या गवताची धूळ आणि घोड्याच्या अंगावरचा कोंडा यांनी काही मुलांना पहिल्याच दिवशी शिंका आणि धाप लागते, इनहेलर बॅगेत ठेवू नका, शिकवणाऱ्याच्या हातात द्या. धनुर्वाताची लस झाली आहे का बघून घ्या, त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात. आणि ती "आमची जबाबदारी नाही" वाली सही करताना नीट वाचा, मी पहिल्यांदा न वाचताच ठोकली होती.

पडलं तर? पडतात. प्रथमोपचार येणारा माणूस तिथे रोज असतो का, की फक्त पेटी भिंतीला लटकवलीये, हे विचारा. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी, डोकेदुखी, गुंगी, किंवा मूल गोंधळल्यासारखं बोलतंय असं काही दिसलं तर सरळ डॉक्टर. त्या दिवशी परत घोड्यावर बसवायचं नाही, "भीती बसेल" वगैरे म्हणून तर नाहीच.

वयाचं म्हणाल तर चार-पाच वर्षांच्या मुलाला दोरी धरून दोन चकरा मारणं ठीक, पण पूर्ण दिवसाचा कॅम्प सहा-सातच्या पुढेच बरा वाटतो मला. मूल "थांब" म्हटल्यावर खरंच थांबतं का, हे वयापेक्षा महत्त्वाचं. पूर्ण आठवड्याचे पैसे भरण्याआधी एखादा सुटा क्लास करून बघा. माझ्या भावाचा मुलगा घोडा घोडा करून घर डोक्यावर घ्यायचा, प्रत्यक्षात जवळ गेल्यावर एवढं मोठं जनावर बघून जे रडायला लागला ते घरी येईपर्यंत. त्याला कुणी जबरदस्तीने बसवलं नाही हे फार बरं झालं, तीन दिवस नुसता कुंपणाबाहेरून बघत होता, चौथ्या दिवशी म्हणाला मी खरारा करू का?

आणि हो, गाडीच्या सीटवर जुनी चादर टाकून ठेवा, बूट डिकीत. तो वास आठवडाभर जात नाही.